दोन नावांचा नारळ

आमच्याकडे नारळ फोडल्याशिवाय काही सुरू होत नाही. बोअरची गाडी शेतात आली की नारळ, नवा टेम्पो दारात आला की नारळ. भिंगारच्या आमच्या शाळेत मुलींचा क्रिकेटचा सामना असला तरी आधी नारळ, मग नाणेफेक. मी तिथली क्रीडाशिक्षिका. पदवी भौतिकशास्त्राची आहे, पण नोकरी मिळाली ती पोरींना पळवायची. नारळाला मी कधी विरोध केला नाही. वाद घालून डोकं उठवण्यापेक्षा नारळ फोडू द्यावा, वर खोबरं खायला मिळतं.

मात्र आमच्या नारळाला एक वेगळी रीत होती आणि ती सुरू केली आमच्या कॅप्टनच्या आईनं. ही बाई जामखेडकडची. शेती करणारी, बोलायला फटकळ, हाताला घट्टे पडलेले. पोरगी भिंगारला मामाकडे राहून शिकायची आणि सामना असेल त्या दिवशी आई एसटीनं हजर. एकदा आमच्याच पोरीच्या फटक्यानं समोरच्या संघातल्या मुलीच्या तोंडावर चेंडू बसला आणि पुढचे दात गेले. रक्तानं भरलेला तो पांढरा शर्ट बघून ही बाई हादरलीच. पुढच्या सामन्याला नारळ तिनं माझ्या हातातून काढून घेतला.

"आपल्याच पोरीसाटी कसं मागायचं, मॅडम? ती बी कुनाची तरी लेकच हाय की."

तेव्हापासून नारळ दोन्ही कॅप्टनांच्या नावानं फुटायला लागला. ती समोरच्या कॅप्टनला जवळ बोलवायची, नाव विचारायची, मैदानाच्या कडेला असलेल्या देवाच्या दगडासमोर उभं राहून दोन्ही नावं मोठ्यानं घ्यायची आणि म्हणायची, "दोगी बी धडधाकट घरी जाऊ दे." मग खोबऱ्याचे तुकडे दोन्ही संघांना. हळूहळू केडगावच्या शाळेच्या पोरी तर स्वतःहून येऊन नाव सांगायला लागल्या. मला ते आवडायचं. देवाधर्माचं राहू द्या, निदान सामन्याआधी पोरी एकमेकींकडे बघून हसायच्या.

श्रीलंकेचा दौरा ठरला तेव्हा आमच्या शाळेत लग्नघर झालं. तिथल्या समुद्रकाठच्या एका शाळेनं आमच्या मुलींना तीन सामन्यांसाठी बोलावलं होतं. मुलींबरोबर एखादी आई हवी असं ठरलं. कुणाचं लेकरू लहान, कुणाची नोकरी, कुणाच्या सासूचं पथ्यपाणी. शेवटी जामखेडहून फोन आला, "मी येते की. मला काय वाघ खातोय का?" तिनं घरून नारळ आणला होता. ज्या देशात नारळाशिवाय दुसरं झाड दिसत नाही तिथे ही नारळ घेऊन निघालेली! मी विमानतळावर पोचायच्या आधीच तो पिशवीतून काढायला लावला. "परक्या मुलखातला नारळ कसा निघंल कुनाला ठावं," एवढंच ती म्हणाली.

आम्हाला त्यांच्याच शाळेच्या वसतिगृहात उतरवलं होतं. खिडकीतून समुद्र दिसायचा. आमच्या पोरींनी पाणी बघितलेलं ते धरणाचं, गप्प बसणारं. हा समुद्र सारखा गरजायचा. पहिल्या दिवशी सगळ्या नाचल्या, दुसऱ्या दिवशी त्यांतली एक मला विचारायला आली, "मॅडम, हा आवाज बंद कधी होतो?" मी हसले. नंतर मलाही तेच विचारावंसं वाटायला लागलं. कुणीतरी शेजारच्या खोलीत एकसारखं बोलतंय आणि शब्द मात्र कळत नाहीत, असं वाटत राहायचं.

सामना सकाळी होता. मैदान छान हिरवं, कडेला माडांची रांग आणि रांगेपलीकडे वाळू. सीमारेषेबाहेर एक मोठं जुनं झाड होतं. त्याच्याखाली कुलूप लावलेली पांढरी घुमटी, तिच्यासमोर विझलेला दिवा आणि एक काळपट दगड. आम्हाला नगरकडच्या माणसांना असा दगड दिसला की प्रश्नच उरत नाही. झाडाखाली दगड, दगडापुढे दिवा, म्हणजे देव. कुठला ते नंतर बघू. कॅप्टनच्या आईनं पिशवीतून हळदीकुंकवाची डबी काढली, नाक्यावरच्या दुकानातून घेतलेला नारळ हातात धरला आणि मला म्हणाली, "त्यांच्या कॅप्टनला नाव इचारा."

त्यांची कॅप्टन उंच पोरगी होती. दोन वेण्या, लांब हात, पळत आली की जमीन तिच्यासाठी जागा करून देतेय असं वाटायचं. जलद गोलंदाज. मी नाव विचारलं, तिनं हसून सांगितलं, पुन्हा सावकाश सांगितलं. आमच्या बाईंनी ते आपल्या जिभेला जमेल तसं घोकलं. मग दगडापुढे जाऊन त्याला हळदकुंकू लावलं, आधी त्या पोरीचं नाव घेतलं, मग आपल्या पोरीचं, आणि नारळ आपटला.

एका दणक्यात दोन भकलं झाली. पाणी दगडावर सांडलं आणि तिथल्या तिथे नाहीसं झालं. ओघळ नाही, ओल नाही. समुद्रातला दगड, भोकाभोकांचा, पाणी पिणारच. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी मान वर केली तर त्यांच्या संघातल्या सगळ्या मुली मागे सरकल्या होत्या. ती उंच पोरगी एकटीच जागेवर उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुणी पुसून घ्यावं तसं गेलं होतं.

खोबऱ्याचे तुकडे घेऊन आमची बाई त्यांच्याकडे गेली. एकीनंही हात पुढे केला नाही.

सामना आम्ही सहज जिंकलो. त्यांची कॅप्टन धावत यायची आणि चेंडू न टाकताच थांबायची. पुन्हा मागे जायची. दोनदा तिनं मान वळवून झाडाकडे बघितलं, कुणी हाक मारली तर बघतात तसं. शेवटी तिनं चेंडू दुसरीच्या हातात दिला आणि कुंपणाजवळ जाऊन बसली. मला जिंकल्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पाहुण्या संघाचा दबाव आला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

सामन्यानंतर चहा ठेवला होता. आल्याचा काळा चहा, केळी, बिस्किटं, सगळं नीट मांडलेलं. पण वाढणारी माणसं किटल्या ठेवून निघून गेली. आमचा आम्हीच ओतून घेतला. संध्याकाळी पोरींना घेऊन नाक्यावर गेले तर दुकानदार बाईनं बिस्किटाचे पुडे माझ्या हातात न देता फळीवर ठेवले आणि आत गेली. आदल्या दिवशी हीच बाई आमच्या पोरींचे गाल ओढत होती. वाटेत एका माणसानं आपलं लेकरू उचलून दुसऱ्या कडेवर घेतलं, आमच्या बाजूला ते येऊ नये म्हणून. गाणं वाजवत येणारी पाववाल्याची रिक्षा वसतिगृहाच्या अलीकडेच गाणं बंद करायची आणि आमचं फाटक ओलांडल्यावर पुन्हा सुरू करायची. मला राग आला. पाहुण्यांना बोलवायचं आणि आपण हरलो की त्यांना वाळीत टाकायचं, ही कुठली पद्धत?

दुसऱ्या सामन्याला त्यांची कॅप्टन आलीच नाही. बरं नाही, एवढंच कळलं. त्यांचे क्रीडाशिक्षक, मी त्यांना सर म्हणायचे, माझ्याशी बोलताना माझ्या खांद्यापलीकडे बघत होते. त्या दिवशी आमच्या बाई नारळ घेऊन निघाल्या तेव्हा मीच त्यांना थांबवलं. का थांबवलं ते सांगता येत नाही. नको वाटलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी सर वसतिगृहात आले. बरोबर पांढरी साडी नेसलेली एक बारीक चणीची बाई होती. मुली जेवून पडल्या होत्या. व्हरांड्यात मी आणि कॅप्टनची आई तेवढ्या बसलो होतो. ती बाई सरळ पुढे आली, गुडघ्यांवर बसली आणि तिनं आमच्या बाईच्या पायांवर दोन्ही हात ठेवून डोकं टेकलं. आमची बाई दचकून उठलीच.

"अवं, हे काय? उटा, उटा."

सर इंग्रजीत बोलले, मी ऐकत गेले. ही त्या पोरीची आई. पोरगी सामन्यापासून अंथरुणाला खिळलेली. ताप आहे, डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात काही नाही. अन्न जात नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते. म्हणते, कुणीतरी मला दिवसभर नावानं हाक मारतंय, पण नाव नीट घेत नाहीये.

मग सरांनी दगडाबद्दल सांगितलं. तिथे कुणी शुभकार्याला जात नाही. ज्याच्यावर अन्याय झालाय, ज्याला कुठेच न्याय मिळाला नाही, असा माणूस तिथे जातो. ज्यानं वाईट केलं त्याचं नाव मोठ्यानं घेतो आणि नारळ आपटतो. पुढचं घुमटीतला देव बघतो.

"ती विचारते आहे," सर म्हणाले, "माझ्या मुलीनं तुमचं काय बिघडवलं? जे असेल त्याची माफी मागते. पण मागे घ्या."

मी हे सगळं मराठीत सांगितलं. कॅप्टनच्या आईच्या तोंडावरचा रंगच उडाला.

"अवं बाई," ती त्या आईकडे बघून थेट मराठीतच बोलायला लागली, जणू तिला समजणारच होतं, "म्या तर तिच्यासाटीच फोडला. तिला इजा हुऊ नये म्हनून फोडला. देवाशप्पत!"

मी ते सरांना सांगितलं, सरांनी त्या बाईला. ती बाई ऐकून घेत होती, मान हलवत होती. शेवटी एकच वाक्य बोलली. तुमच्या मनात चांगलं असेल, पण दगडाला तुमची भाषा येत नाही. ज्यानं ठेवलं त्यानंच उचलावं लागतं.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे सोपा मार्ग काढला. म्हटलं, "ताई, चला. दोन शब्द बोला, परत घेतलं म्हणा. त्या मायलेकींच्या जिवाला बरं वाटेल. मनाचे खेळ आहेत सगळे."

ती जागची हलली नाही. "तुमाला सोपं वाटतंय, मॅडम."

"काय अवघड आहे त्यात?"

"नारळ एक हुता. नावं दोन हुती. एकीचं उचललं तर दुसरीचं बी उचलतंय." तिचा आवाज खाली आला. "आन् देवाला दिलेलं परत घेतलं की ते उलटतंय. ज्याच्या नावचं त्याच्यावर. माझ्या पोरीचं बी नाव हाय त्यात, आजून तरी तिला काय झालं न्हाई."

 आत आमची कॅप्टन उशीवर डोकं ठेवून गाढ झोपली होती, खिडकीतून तिचा पाय दिसत होता. बाहेर दुसऱ्या पोरीची आई पायरीवर बसून होती. रडत नव्हती, काही मागत नव्हती. दोघींपैकी एकीच्या लेकीवर येणार, असा हिशेब माझ्या शेजारची बाई खरोखर करत होती.  हसायची माझी छाती झाली नाही.

बऱ्याच वेळानं तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "चला. पोरींना उटवू नका."

उन्हाच्या तडाख्यानं मैदान पांढरं पडलं होतं. चिटपाखरू नव्हतं. आम्ही चौघं झाडाखाली पोचलो आणि वारा थांबला. माडाच्या झावळ्या, ज्या आल्यापासून सळसळायच्या राहिल्या नव्हत्या, तशाच्या तशा लोंबत राहिल्या. समुद्र तेवढा चालू होता. दगडावर आमच्या हळदीकुंकवाचा डाग तसाच होता आणि नारळाची दोन्ही भकलं तिथेच पडली होती. त्यांना मुंगी लागली नव्हती. तीन दिवसांत, त्या दमट हवेत, उघड्या खोबऱ्याला मुंगी नाही. मी मुद्दाम वाकून बघितलं.

कॅप्टनच्या आईनं चपला काढल्या. मग वळून त्या दुसऱ्या आईला म्हणाली, "आदी मला तिचं नाव नीट शिकवा. त्या दिशी म्या चुकीचं घेतलं हुतं."

सरांनी सांगितल्यावर त्या आईचा आतापर्यंत धरलेला धीर सुटला. तिनं लेकीचं नाव घेतलं. आमच्या बाईनं म्हणून बघितलं, जमलं नाही. तिनं पुन्हा घेतलं, तोडून, लहान मुलाला घास भरवावा तसं. त्या उन्हात, त्या दगडापुढे, एक आई आपल्या लेकीचं नाव पुन्हा पुन्हा घेत राहिली आणि दुसरी ते आपल्या जिभेवर बसवत राहिली. शेवटी ते अगदी सारखं आलं. इतकं सारखं की सरांनी चमकून वर बघितलं.

मग आमच्या बाईनं दगडावर दोन्ही तळवे ठेवले आणि मराठीत बोलली. तिथे ते समजणारी मी एकटी होते.

"दोगींच्या नावचं म्या ठिवलं हुतं, दोगींच्या नावचं मीच उचलते. उलटायचं आसंल तर पोरींवर न्हाई उलटायचं. माझ्या अंगावर घेते. माझ्यापाशी ठिवते. त्यांना मोकळं कर."

तिनं दगडावरून काहीतरी ओंजळीत घेतल्यासारखं केलं आणि ती रिकामी ओंजळ छातीशी धरून मागे वळली. वारा पुन्हा सुरू झाला होता की नाही ते मला आठवत नाही. सरांनी हळूच विचारलं, परत घेतलं का त्यांनी?

"हो," मी म्हणाले. "परत घेतलं."

त्या दुसऱ्या आईनं आनंदानं आमच्या बाईला मिठी मारायला हात पसरले. ही झटकन दोन पावलं मागे गेली. परतताना ती आमच्यापासून अंतर ठेवून चालत होती. फाटकाशी मला म्हणाली, "मॅडम, एक करा. माझ्या पोरीला यातलं काय बी सांगू नका. तिला कळलं तर ती माझ्यापासलं मागून घील. तिचा सभावच तसा हाय."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी ऱ्हाईन जरा लांब. शिवले तर तिच्याकडं जायचं ते."

"किती दिवस?"

"मला काय ठावं? आमच्यात आसं कदी कुनी केलंच न्हाई."

शेवटच्या सामन्याला ती उंच पोरगी आली. गाल बसलेले होते, पण आली. तिनं आमच्या दोन पोरींचे त्रिफळे उडवले आणि आम्ही हरलो. मला इतकं बरं हरल्यावर कधीच वाटलं नव्हतं. व्हायरल ताप होता, उतरला, असं मी परतीच्या विमानात स्वतःला समजावलं. शेजारची जागा रिकामी होती. कॅप्टनच्या आईनं विमानतळावरच जागा बदलून मागितली होती आणि ती एकटी शेवटच्या रांगेत बसली होती.

आता त्याला बरेच महिने झाले. तिला काहीही झालेलं नाही. ताप नाही, पडझड नाही, रानात जाते, कामं करते. सामना असला की अजूनही जामखेडहून एसटीनं येते, पण मैदानात येत नाही. रस्त्याकडच्या जाळीबाहेर उभी राहते. आमच्या इतर पोरी तिला हात करतात, ती हात करते. मी एकदा चहा घेऊन तिच्याजवळ गेले. ग्लास तिच्या हातात देताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली आणि खरं सांगते, मला माझा हात मागे घ्यावासा वाटला. मी घेतला नाही. पण वाटलं.

मागच्या आठवड्यात जिल्ह्याच्या संघाची निवड होती. आमची कॅप्टन निवडली गेली. नाव पुकारल्याबरोबर ती पोरगी बॅट टाकून जाळीकडे पळत सुटली, फाटकातून बाहेर गेली. मी लांबून बघत होते. आई मागे सरकत गेली, सरकत सरकत पार रस्त्याच्या पलीकडे, आणि तिथून हात वर करून म्हणाली, "तिथूनच, बाळा. तिथूनच."

मधून एक ट्रक गेला. पोरगी थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग परत माझ्याकडे आली. तिनं बॅट उचलली, तिच्यावरची माती पुसली.

"मॅडम, श्रीलंकेत मी काय केलं?"

"कुठं काय केलंस?"

"काहीतरी केलं असणार. तिकडून आल्यापासून आईनं मला एकदाबी हात लावलेला न्हाई."

पोरीचे डोळे कोरडे होते. रस्त्यापलीकडे तिची आई आमच्याकडेच बघत होती आणि मान हलवून मला नको म्हणत होती.

"तू काही केलं नाहीस," मी म्हणाले. "जा, पाणी पी. पुढची जोडी पॅड बांधतेय."

ती गेली.